लाकडी टर्की

२० एप्रिल १९९४

प्रिय डेल्मर,

शेवटच्या बाकावरून तू काढलेला तो आवाज आज पहाटे पुन्हा कानात आला. मिस प्रुइट यांच्या शाळेत, असाच एप्रिल होता, मी फळ्यापाशी उभा राहून कविता म्हणत होतो. नदी, संध्याकाळ, घरी परतणारी नाव असलं काहीतरी तिच्यात होतं. तिसऱ्या कडव्यावर बाहेर ओकांच्या रानात टर्की पक्ष्याचा नर ओरडला. गळ्यात पाणी घोळवून एकदम सांडावं तसा. आणि आतून तू त्याला उत्तर दिलंस. इतकं हुबेहूब की तो पुन्हा ओरडला, आणि बाईंना कळेना की रागवायचं कुणावर. कविता मी पुन्हा पहिल्यापासून म्हटली, पण सगळा वर्ग खिडकीबाहेर बघत होता. मीसुद्धा.

चार वर्षांत मी तुला लिहिलं नाही. लिओटा दर नाताळाला तुला, आपल्या भावाला, पत्र घालते आणि खाली स्वतःच्या हातानं माझंही नाव लिहिते, हे मला ठाऊक आहे. ते काही माझं पत्र नव्हे. हे माझं आहे.

बातमी अशी की सोमवारी शिकारीचा हंगाम उघडला आणि तुझ्या घरामागच्या कड्यावरचा म्हातारा नर मी मारला. तोच, डाव्या पायाचं बोट तुटलेला. तू टल्साला मुलीकडे राहायला गेलास तेव्हा तो पोरगेला होता. मग मोठा झाला, शहाणा झाला, तीन वसंत कुणाच्या सादेला भुलला नाही. तेवीस पौंड भरला. पायाचे काटे असे वाकडे की त्यांनीच फांदीला टांगून ठेवावा.

नोंदणीला क्लीटसच्या दुकानात नेला. तिथं सकाळची नेहमीची मंडळी वजनकाट्याभोवती कॉफी घेऊन उभी होती. क्लीटसनं पक्षी उचलला, पाय बघितला आणि म्हणाला, "अरे, हा तर तो बोटतुटका. कसा आणलास याला?"

"तोंडानं मादीचा आवाज काढून," मी म्हटलं. "आणखी कशानं?"

सगळे टोपी मागं सारून नुसते बघत राहिले. असं बघणं फार वर्षांनी माझ्या वाट्याला आलं.

तू असतास तर बरं झालं असतं.

तुझा मेहुणा,
व्हर्लिन

२४ एप्रिल

प्रिय डेल्मर,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी रोज टपालाच्या पेटीपर्यंत जाऊन येतो, गुडघ्यांना तेवढाच व्यायाम.

तुझं घर ठीक आहे. तुझ्या लेकीनं, नेडीननं, थंडीआधी किल्ल्या पाठवल्या होत्या, नळ गोठू नयेत म्हणून. मी दर पंधरवड्याला चक्कर टाकतो. गोठ्याच्या पत्र्याचा एक कोपरा उचकटला होता, तो ठोकायला हंगामाआधी आत गेलो होतो. आतलं सगळं जागच्या जागी आहे. म्हणजे जवळजवळ सगळं.

क्लीटसनं त्या नराची शेपटी पंख्यासारखी पसरवून गल्ल्याच्या वर खिळ्यावर लावली आहे. खाली माझं नाव लिहायचं म्हणत होता, मी नको म्हटलं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं आणि क्लीटस प्रत्येकाला सांगतो, "नुसत्या तोंडानं. वाजवायची डबी नाही, पाटी नाही, नकली मादी तर नाहीच नाही." माझ्याकडून कॉफीचे पैसे घेत नाही. परवा मी कॉफी न पिताच निघून आलो.

त्या दुकानात पाऊल टाकलं की तुझ्या इथल्या शेवटच्या वसंतातली ती सकाळ समोर येते. तू लाकडी मादी घेऊन शिकारीला गेला होतास, आणि तुझा पक्षी काट्यावर होता, आणि मी गंमत केली. गंमतच होती रे. इथल्या जुन्या माणसांना रानात खोटी मादी उभी करणं पसंत नाही, हे तुला माहीत होतं. सगळे हसले. तूही थोडा हसलास, मला आठवतं.

त्या नरावर चार ओळी करायला बसलो होतो. मिस प्रुइट यांच्या वहीतल्या वळणाच्या:

ओकांच्या रानी पहाट फुटली,
कोणी न ऐकिली साद.

पुढं सरकेना. लिओटा म्हणाली, "दोन ओळी काय, पुष्कळ झाल्या. जेवायला चल." ती तीनदा म्हणाली म्हणे. मी एकदाच ऐकलं.

व्हर्लिन

२९ एप्रिल

डेल्मर,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. दुसऱ्यातही. तू थोडाही हसला नव्हतास. आणि तो नर मी तोंडानं बोलावला नाही. तुझ्या गोठ्यातली लाकडी मादी नेली होती.

आता सगळं सांगतो.

दोन वर्षं झाली, मी अंधारात उठतो, झाडाला पाठ लावून बसतो आणि रान गप्प असतं. पहिल्या वर्षी मला वाटलं, नर कमी झालेत. दुकानात गेलो तर क्लीटस म्हणाला, "आज तर नुसते एकमेकांवर ओरडत होते, कड्यापासून नदीपर्यंत." मी म्हटलं, हो ना, काय ओरडत होते. घरी येऊन गाडीतच बसून राहिलो. पहाट मुकी झाली नव्हती, मी बहिरा झालो होतो.

तोंडानं साद घालणाऱ्याला याहून वाईट काय असेल. मादीचा आवाज काढायचा आणि नरानं उत्तर दिलं की नाही हे कळायचं नाही. तो डावीकडून येतोय की पाठीमागं उभा राहून तुझ्या टोपीकडं बघतोय, हे कळायचं नाही. मान वळवली की गेला. गेल्या वर्षी असे किती गेले, ते रानालाच माहीत.

मग या वसंतात तुझ्या गोठ्यात पत्रा ठोकताना गोणपाटाखाली ती दिसली. मनात आलं, हिला समोर उभी केली की ऐकायची गरजच नाही. नर हिच्यापाशीच येणार. एका जागी डोळे लावून बसायचं, बस. मी तिला घोंगडीत गुंडाळून गाडीच्या मागं टाकली. चोराला निदान घाई तरी असते. मी सावकाश कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

सोमवारी उजाडताना तुझ्या कड्यावर पांढरी फुलं आलेल्या झाडांखाली तिला उभी केली. तो कधी आला कळलंच नाही. बघतो तर तिच्यासमोर पिसारा फुलवून उभा. डोकं लाल, निळं, पांढरं, पंखांची टोकं जमिनीला घासत होती. तिच्याभोवती एक फेरी मारली, थांबला, मान वाकडी करून तिच्या तोंडाकडं बघितलं. पुन्हा फेरी. तिनं वर बघावं म्हणून काय काय करत होता बिचारा. मी शाळेत असतो तर त्यावर निबंध लिहिला असता. मी बंदूक उचलली. तो तिच्या अगदी अंगाशी होता आणि मला थांबायचा धीर नव्हता. निम्मे छर्रे त्याला लागले, थोडे तिला. पाठीत आणि मानेच्या मुळाशी.

काल शेडमध्ये तिची भोकं बुजवत बसलो होतो, लाकडाचा भुसा आणि सरस घेऊन. लिओटा मागं कधी येऊन उभी राहिली, पत्ता नाही.

"काय करतोयस?" ती ओरडली. आता ती माझ्याशी ओरडूनच बोलते.

"गळकी बादली बुजवतोय."

तिनं मादी माझ्या मांडीवरून उचलली आणि खिडकीपाशी नेली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हिचा डोळा बघितलास?"

"टर्कीचा डोळा. त्यात काय बघायचं?"

"खाली बारीक पांढरी रेघ आहे. डेल्मरची ओपल अशी काढायची. माझ्या काकडीच्या बरणीवरच्या चिमणीला आहे, चर्चच्या ताटांवरच्या पक्ष्यांना आहे. दर रविवारी जेवतोस त्या ताटांत, तुला कधी दिसली नाही?"

डेल्मर, मला दिसली नव्हती. चार वर्षांपूर्वीही नाही.

मग लिओटानं सांगितलं. तुला ऐकू येईनासं झालं होतं म्हणून तुम्ही दोघांनी ती केली होती. तू कोरलीस, ओपलनं रंगवली. तिला बसवेनासं झालं तेव्हा उशीला टेकून रंगवली, शेवटची पिसं तर डाव्या हातानं. "मी नसले तरी रानात जाणं सोडू नका," असं तुला म्हणाली होती.

"हे मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तिनंच नको म्हटलं होतं. म्हणाली, व्हर्लिनला कळलं तर दुकानात हसं करील." लिओटानं मादी फळीवर ठेवली, पाठ भिंतीकडं करून, भोकं दिसू नयेत अशी. "आणि तू केलंसच. ती जाऊन तेव्हा महिने तरी किती झाले होते?"

"मला माहीत नव्हतं, लिओटा."

"माहीत असतं तर?"

मी सरसाच्या डबीचं झाकण लावलं. ती म्हणाली, "चार वर्षं रोज सांगणार होते तुला. मग वाटायचं, कळून तरी काय करशील? आणखी एक विनोद."

तेव्हापासून ती फक्त कामापुरतं ओरडते.

मी काय केलं होतं ते आज शब्दाशब्दानं लिहितो, कारण मागच्या पत्रात 'गंमत' लिहून सुटलो. तुझा पक्षी काट्यावर होता. मी दुकानाच्या दांडीवरून बायकांची उन्हाची टोपी काढली, तुझ्या लाकडी मादीच्या डोक्यात घातली, तिची फीत गळ्याखाली बांधली आणि म्हणालो, "मंडळी, डेल्मरनं दुसरं लग्न केलं. बोलत नाही, खात नाही, रानात सोबत येते. पहिलीपेक्षा बरी." सगळे हसले. तू फीत सोडलीस, टोपी घडी करून दांडीवर ठेवलीस, मादी काखेत घेतलीस आणि गेलास. तुझा पक्षी काट्यावरच राहिला.

मला तेव्हा वाटलं होतं, चिडला असेल, दोन दिवसांत येईल.

व्हर्लिन

५ मे

डेल्मर,

मागचं पत्र टाकलं आणि घरी आल्यावर वाटलं की तुला लिहिणं सोपं आहे. तू टल्सात आहेस. मी केलं होतं ते क्लीटसच्या दुकानात, लोकांसमोर.

म्हणून काल सकाळी मादीला घोंगडीत गुंडाळून तिथं गेलो आणि गल्ल्यावर उभी केली.

क्लीटस म्हणाला, "ही कोण नवी पाहुणी?"

मी म्हटलं, "वर लावलेली शेपटी काढ. तो नर मी तोंडानं नाही बोलावला. हिनं बोलावला. आणि ही माझी नाही, डेल्मरची आहे, मी त्याला न विचारता त्याच्या गोठ्यातून आणली."

सगळे खो खो हसले. मी म्हटलं, हसू नका, खरं सांगतोय. त्यावर आणखी हसले. क्लीटस डोळे पुसत म्हणाला, "व्हर्लिन, तुझं तोंड बघून तर खरंच वाटतं बाबा." आयुष्यभर मी या माणसांना हसवत आलो, आता खरं सांगायला दुसरं तोंड कुठून आणू?

मग मी सांगितलं की मला ऐकू येत नाही. तेही त्यांना पटलं नाही. क्लीटस माझ्या पाठीमागं गेला. तिथं उभा राहून काहीतरी बोलला असणार, कारण समोरच्यांचे चेहरे हळूहळू बदलत गेले. तो पुन्हा पुढं आला तेव्हा त्यानं टोपी काढलेली होती.

"काय म्हणालास?" मी विचारलं.

"जाऊ दे," तो म्हणाला. मोठ्यानं आणि सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसा.

तेव्हा मी त्यांना डोळ्याखालची रेघ दाखवली. चर्चच्या त्या ताटांत सगळ्यांनीच खाल्लं आहे, त्यामुळं कुणाला समजावावं लागलं नाही. तुझ्या कानांबद्दल मी एक अक्षर बोललो नाही. ते तुझं आहे, सांगायचं तर तू सांगशील. ओपलनं रंगवली, आजारात रंगवली, एवढंच सांगितलं.

 मग क्लीटस म्हणाला, "हसलो तर आम्हीपण होतो त्या दिवशी." शिडी आणून त्यानं शेपटी उतरवली आणि माझ्यापुढं ठेवली. मी ती घेतली नाही. तिथंच पडली असेल.

हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं. परत येताना मादीला शेजारच्या सीटवर ठेवली होती, तिच्या मानेतलं भोक माझ्याच बाजूला होतं.

आता तू सांगायचं आहेस. भोकं बुजली आहेत, पण त्यांवर रंग लावलेला नाही. तिच्या रंगावर माझा रंग चढवायची माझी छाती नाही, आणि लिओटानं बजावलंय की कुंचला हातात घेतलास तर घराबाहेर काढीन. तिला पेटीत घालून टल्साला पाठवू? की होती तिथं गोणपाटाखाली ठेवू? एका ओळीत कळव. शिव्या घालायच्या असतील तर जास्त ओळी घे.

मी तुला परत ये म्हणत नाही. म्हणायचा मला हक्क नाही. पण तू मला जन्मभर असाच सोडून देणार असशील तर तेही कळव, म्हणजे मी टपालाच्या पेटीकडं जाणं सोडीन.

व्हर्लिन

७ मे, शनिवार सकाळ

प्रिय डेल्मर,

उद्या हंगाम संपतो. मी त्या पहिल्या सोमवारनंतर रानात गेलो नाही. आज पहाटे सवयीनं जाग आली तेव्हा ओट्यावर जाऊन बसलो होतो. कड्यावरची पांढरी फुलं गळून गेलीत, पानं मोठी होत चाललीत. लिओटा कॉफी घेऊन आली, शेजारी बसली आणि बोटानं नदीच्या बाजूला दाखवलं. मग तीन बोटं वर केली. तीन नर ओरडत होते. थोड्या वेळानं मूठ मिटून एकच बोट. मी तिच्या हाताकडं बघत बसलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रान मला असं कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

ती माझ्याशी बोलू लागली आहे असं मी म्हणणार नाही. पण शेजारी बसली होती.

गुरुवारी नेडीनचा फोन आला होता. लिओटा चर्चला गेलेली, म्हणून मीच उचलला. नेडीन पुष्कळ बोलली. मी 'हो' म्हटलं, 'बरं' म्हटलं, एकदा 'नक्की' म्हटलं. काय बोलली ते एक शब्दही कळलं नाही. आवाज रागाचा नव्हता एवढं समजलं. लिओटाला सांगायची लाज वाटली, म्हणून सांगितलं नाही. तुला माहीत असेल तर तूच सांग, मी कशाला हो म्हणून बसलोय.

तुला विचारायचं होतं की पहिल्यांदा तुला कधी कळलं. कानांचं म्हणतो मी. कुठं बसला होतास, आणि ओपलला सांगितलंस कसं. मी अजून लिओटाला नीट सांगितलेलं नाही, ती आपली कळून ओरडते. हे सगळं आपण दोघांनी एकमेकांना ओरडून सांगायला हवं होतं, त्याच कड्यावर बसून, आणि सगळे नर पळून गेले असते तरी...

कुत्रा उठला. लिओटा दाराकडं गेली आहे.

डेल्मर, नेडीन आली आहे. दारात उभी आहे, बुटांना तुझ्या रस्त्याचा लाल चिखल आहे, म्हणजे आधी तुझ्या घरी जाऊन आली. लिओटानं तिला मिठी मारली आणि माझ्याकडं अशी बघते आहे की हे तू मला का सांगितलं नाहीस. मी हो म्हणालो होतो ते यालाच.

नेडीन आत येत नाही. उंबऱ्यातूनच मोठ्यानं म्हणते आहे, "आतोबा, बाबा गाडीत आहेत. उतरत नाहीत. म्हणतात, मादी घेऊन व्हर्लिनला स्वतःला येऊ दे."

मी विचारलं, मादी घेऊन लगेच परत जाणार का. ती म्हणाली, "ते मला सांगत नाहीत. तुम्हीच विचारा."

मादी फळीवरून काढली आहे. लिओटा माझा कोट शोधते आहे, तो सापडत नाही. कोटाशिवाय येतो.